खरं सांगितलं की सुटतो, हे नक्की कोणी सांगितलं?

कोकणात कोणाला पोलिस स्टेशनातून फोन आला, "जरा येऊन जावा", की वाडीतले सगळे मिळून एकच सल्ला देतात, जा, खरा काय ता सांग आणि मोकळो हो. देणारे सगळे भले लोक, कोणाच्या मनात वाईट नसतं, आणि वरून म्हण तयारच असते, कर नाही त्याला डर कशाला. माझं मत असं आहे की फौजदारी लफड्यात नाव आलेल्या माणसाला यापेक्षा घातक सल्ला देता येणार नाही. खोटं बोला असं मी म्हणत नाहीये, पोलिसांशी वाकडं वागा असंही नाही. म्हणणं एवढंच की ज्याच्यावर संशय आहे त्याने, आणि तो निरपराध असेल तर जास्तच, वकिलाशी बोलल्याशिवाय घटनेबद्दल तोंड उघडू नये. याला चोराच्या मनात चांदणं म्हणायचं काही कारण नाही, राज्यघटनेनेच दिलेला हक्क आहे तो.

घटनेचं कलम २०(३) एका ओळीचं आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. आता बऱ्याच जणांना वाटतं की हे कोर्टातल्या पिंजऱ्यापुरतं असणार, ठाण्यात कसली घटना आणि कसलं काय. तर ते तसं नाही हे ठरलं १९७८ मधे, नंदिनी सत्पथींच्या केसमधे. ह्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. पद गेल्यावर १९७७ मधे त्यांच्यावर बेहिशेबी मालमत्तेचा गुन्हा दाखल झाला, कटकच्या व्हिजिलन्स पोलिस स्टेशनला बोलावलं, लेखी प्रश्नांची यादी पुढे ठेवली, बाईंनी उत्तरं द्यायला नकार दिला, तर उत्तरं देत नाहीत म्हणून तेव्हाच्या आयपीसीच्या १७९ कलमाखाली आणखी एक केस. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जस्टिस कृष्णा अय्यर यांच्या निकालात स्पष्ट आलं की हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीपासूनच सुरू होतं, समोरच्या केसपुरतंच नाही तर दुसऱ्या कुठल्या केसमधे अडकायची खरी भीती असेल तर तिथेही चालतं, आणि आरोपीला वकील जवळ हवा असेल तर नाही म्हणू नये. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं यावरूनही कोर्टाने पोलिसांना सुनावलं. पण त्याच निकालात हेही आहे की ज्या प्रश्नांनी तुम्ही अडकत नाही त्यांची उत्तरं द्यायची. हे दुसरं वाक्य लोक विसरतात, त्याकडे येतो पुढे.

आता विचार करा, माजी मुख्यमंत्री, वकिलांची फौज, आणि तरी सुप्रीम कोर्ट गाठावं लागलं. आपल्या वाडीतल्या माणसाकडे तर तालुक्याच्या वकिलाचा नंबरही नसतो, आणि असला तरी रेंज नसते.

हल्लीच्या कायद्यातही हे जसंच्या तसं आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा सीआरपीसी गेला आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, जुनं कलम १६१ आता १८० झालंय. त्यात म्हटलंय की पोलिसांनी केसबद्दल विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यावी लागतील, फक्त ज्या उत्तराने तुमच्यावरच फौजदारी आरोप येऊ शकतो ते सोडून. म्हणजे संरक्षण आहे ते अडकवणाऱ्या उत्तरापुरतं, पण कुठलं उत्तर आपल्याला अडकवेल हे बाकावर बसलेल्या घाबरलेल्या माणसाला कळणार कसं? वकील लागतो तो इथेच.

थोडंफार वाचलेला माणूस इथे एक शंका काढतो आणि शंका चांगली आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालतच नाही, मग बोललं काय आणि नाही बोललं काय, काय फरक पडतो? नियम खरा आहे. पूर्वी तो एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या २५, २६ कलमात होता, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ मधे आहे. तो आला कुठून हेही बघण्यासारखं आहे, तो कोणा दयाळू साहेबाने आपल्यावर प्रेम म्हणून नाही दिलेला. १८५५ मधे मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या कमिशनचा रिपोर्ट आला, सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी लोकांचे काय हाल केले जातात ते त्या रिपोर्टात सगळं बाहेर आलं, आणि १८६१ च्या फौजदारी कायद्यात पोलिसांपुढची कबुली बाद करण्यात आली. १८७२ चा एव्हिडन्स अ‍ॅक्ट ज्याने लिहिला त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने एका जुन्या अधिकाऱ्याचं बोलणं नोंदवून ठेवलंय, त्याचा मतलब असा की उन्हातान्हात पुरावे शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यात तिखट चोळणं जास्त सुखाचं. म्हणजे हा प्रकार परक्या सरकारलाही माहीत होता, आणि त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे तिखट घालून मिळवलेली कबुली कोर्टाने घ्यायचीच नाही.

पण त्याच कायद्यात एक दार उघडं ठेवलंय. कोठडीतल्या आरोपीने सांगितलं आणि त्यावरून काही वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुरावा होतो. जुनं कलम २७, आता २३ चं परंतुक, म्हणजे त्या कलमाला जोडलेला अपवाद. याला मेमोरँडम पंचनामा म्हणतात, जिल्हा कोर्टात दोन दिवस बसलात तर कानावर पडेलच. आरोपीने पंचांसमक्ष निवेदन केलं की मी कोयती गोठ्याच्या वाशात खोचून ठेवली आहे, चला काढून देतो. आता मला सांगा, कोकणातल्या कुठल्या गोठ्यात कोयती नाही? कमरेला आकडी आणि आकडीत कोयती लावूनच इथला माणूस सकाळी घराबाहेर पडतो. इंग्रजांच्या काळातलं सर्वात वरचं कोर्ट म्हणजे प्रिव्ही कौन्सिल, त्याने तेव्हाच सांगून ठेवलंय की वस्तू कुठे होती आणि आरोपीला ते माहीत होतं एवढंच यातून धरायचं, त्या वस्तूने कोणी काय केलं ते नाही. पण भानगडीच्या वेळी ज्याला हे माहीत नाही तो घाबरून "होय होय, कोयती घरात आसा" म्हणून जातो आणि मग ती काढून दिल्याचा पंचनामा वर्षानुवर्षं मानेवर बसतो.

दुसरं म्हणजे कोर्टात चालत नाही म्हणजे वाया गेलं असं नसतं. भावकीतल्या बांधाच्या भांडणात कोणाचं डोकं फुटलं, तुम्ही सांगितलंत की मी तिथे होतो पण मी हात लावला नाही. शंभर टक्के खरं. पण त्या क्षणापासून तपासाची दिशा ठरली. कोण कोण होतं, तुमच्या चुलतभावाचं नाव तुमच्या तोंडून आलं, त्याला उचलला, तो चिडून म्हणाला हाच पुढे होता. तुम्ही सांगितलेली वेळ साडेसहा, मोबाईलचं लोकेशन म्हणतं सव्वासात, झालात खोटारडे. आठवड्यापूर्वीची वेळ कोणाला धड आठवते? आणि जबाब तुमच्या शब्दात नसतोच. तो लिहिणारे हवालदार आपल्या सरकारी मराठीत लिहितात, "सदर वेळी मी सदर ठिकाणी हजर होतो व माझा सदर इसमाशी पूर्वीपासून वाद आहे". तुम्ही म्हणाला होतात, आमचं पटत नाही. एवढ्यानेच हेतू तयार झाला. बरं तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, संहितेचं कलम १८१ तसंच म्हणतं, तरी "इथे सही करा" म्हटल्यावर आपण कागद न वाचता सही करतो कारण साहेब उभे आहेत आणि शेवटची एसटी जायची वेळ झालीये.

आणि किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट घाटावरच्यांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, जी मी फार थोड्या लोकांच्या तोंडून ऐकली. पोलिसांपुढची कबुली बाद हा नियम पोलिसांपुरता आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर येणारा प्रत्येक गणवेश पोलिसांचा नसतो. कस्टम्सचा अधिकारी पोलिस अधिकारी नाही असं सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकापासून सांगितलेलं आहे, १९६२ च्या कस्टम्स अ‍ॅक्टच्या कलम १०८ खाली समन्स आलं तर जावं लागतं, खरं सांगावं लागतं, आणि तो जबाब कोर्टात पुरावा म्हणून येतो. त्या वेळी तुम्ही अजून आरोपी नसता म्हणून २०(३) चं छत्रही डोक्यावर नसतं. २०२३ च्या ऑगस्टमधे दापोलीच्या बाजूला कर्दे, लाडघर, केळशी अशा किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती ते आठवत असेल. आता समजा सकाळी पुळणीवर फिरायला गेलेल्या कोणी एखादं पाकीट उचलून घरी आणलं, काय आहे बघूया म्हणून. मग पोलिस येणार, कस्टम्स येणार, दोघांचे गणवेश आपल्याला सारखेच, पण दोघांपुढे बोललेल्याचं वजन वेगवेगळं. अमली पदार्थांच्या कायद्यात तर कलम ६७ खालचे जबाब कबुली म्हणून वापरता येणार नाहीत हे ठरायला २०२० उजाडावं लागलं, तूफान सिंगच्या निकालात, आणि तोवर त्या जबाबांवर लोक आत जात होतेच. म्हणून कोणी चौकशीला आला की पहिला प्रश्न आपला असावा, साहेब आपण कुठल्या खात्याचे आणि मला साक्षीदार म्हणून विचारताय की संशयित म्हणून?

फॉरेस्टवाल्यांचंही तसंच. कोकणात रानडुक्कर मारला ही बातमी त्याचं मटण शिजायच्या आत चार वाड्यात पसरते, आणि वन खात्याचे लोक पण पोलिस नव्हेत. वन्यजीव कायद्याच्या कलम ५० मधे सहाय्यक वनसंरक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात घेता येतो. आणि संघटित गुन्हेगारीचा मोक्का लागला तर पोलिसांपुढची कबुलीसुद्धा चालते, अधिकारी एसपी दर्जाचा असला की झालं, कलम १८. तसंच आधी दहशतवादविरोधी टाडा कायद्यात होतं, १९९३ च्या बॉम्बस्फोटांची काही स्फोटकं आपल्याच शेखाडीला उतरली आणि त्या खटल्यात पोलिस अधिकाऱ्यांपुढचे कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरले गेले. त्या खटल्यातल्या दोषींबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, पण नियम एकदा वाकवला की तो कोणासाठी वाकवला हे पुढे कोणी बघत नाही.

सगळ्यात मोठी गळती मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे, आपल्या गजालीत. पोलिसाला सांगितलेलं बाद होतं, पण टपरीवर मित्राला सांगितलेलं, देवळाच्या पायरीवर गावकराला सांगितलेलं, मुंबईच्या भावाला व्हॉईस मेसेज करून सांगितलेलं बाद होत नाही. त्याला न्यायालयाबाहेरची कबुली म्हणतात, कोर्टं तिला कमजोर पुरावा मानतात, दुसऱ्या पुराव्याचा टेकू मागतात, पण ती वाचली मात्र जाते. आणि आपला माणूस ठाण्यातून बाहेर पडल्या पडल्या काय करतो तर अर्ध्या गावाला साग्रसंगीत सांगतो की मी काय बोललो, साहेब काय बोलले, नंतर मी कसा भारी पडलो. त्यातला अर्धा भाग फुशारकीचा. तो अर्धाच पुढे साक्षीदार होऊन येतो. वाडीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकलेलं तर विचारूच नका.

आता गप्प बसणं म्हणजे काय नाही हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर कोणी हे वाचून नाक्यावर लायसन दाखवायला नकार देईल आणि मला शिव्या घालेल. नाव पत्ता सांगावा लागतो, लायसन दाखवावं लागतं. बोटाचे ठसे, अक्षराचा नमुना याला स्वतःविरुद्ध साक्ष म्हणत नाहीत, ११ न्यायाधीशांच्या खंडपीठाने १९६१ मधेच ते ठरवलंय. नार्को, पॉलिग्राफ मात्र तुमच्या संमतीशिवाय नाही, सेल्वी केस, २०१०. मोबाईलच्या पासवर्डबद्दल हायकोर्टांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत, तो विषय वकिलावर सोडा. आणि खोटं बोलणं हे गप्प बसण्यापेक्षा कितीतरी वाईट, त्याने नवा गुन्हा अंगावर येऊ शकतो आणि जुन्यातला संशयही पक्का होतो.

हायवेवर कोणाला धडक देऊन पळून जाणं हाही गप्प राहण्याचा हक्क नव्हे. ड्रायव्हरने जखमीला मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना कळवायचं हे मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आहे, तिथे पाठ फिरवणाऱ्याला माझ्या या सगळ्या युक्तिवादातलं एक अक्षरही लागू नाही. गंमत म्हणजे त्याच कायद्यात २०१९ ला १३४अ आलं, की जो तिऱ्हाईत माणूस जखमीला उचलून दवाखान्यात नेतो त्याच्यावर नाव पत्ता सांगायची सुद्धा सक्ती नाही. मुंबई-गोवा हायवेवर एवढे अपघात होतात, लोक गाडी थांबवत नाहीत कारण नंतरचं झेंगट नको, आणि हा नियम मात्र मला एकाही ढाब्यावर लिहिलेला दिसला नाही. तो लिहिला तर माणसं वाचतील. आणि ज्याच्यावर अन्याय झालाय त्याने, ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याने बोललंच पाहिजे. गावातल्या पुढाऱ्याच्या पोराने काही केलं आणि सगळी वाडी मुकी झाली, ते शेपूट घालणं आहे, त्याला हक्काचं नाव देऊ नका.

मग फोन आला तर करायचं काय? फोनवरचं "येऊन जावा" म्हणजे समन्स नाही. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी खास आपल्या कोकणासाठी केलीये असं वाटावं. ६० वर्षांवरचा पुरुष, १५ खालचा मुलगा, कुठलीही बाई, अपंग किंवा खूप आजारी माणूस, यांना ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. जुन्या कायद्यात वय ६५ होतं, आता ६० आहे. आपल्या गावातल्या घरांत राहतंय कोण? म्हातारा म्हातारी. पोरं मुंबईला, ठाण्याला, गणपतीला आणि शिमग्याला येणार. आणि हेच सत्तरीतले तात्या जमिनीच्या कसल्यातरी अर्जावरून दोन एसटी बदलून तालुक्याला जातात, दुपारपर्यंत बाकावर बसतात, आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या, असं ऐकून परत येतात. त्यांना कोणी सांगितलंच नाही की तात्या, त्यांनी तुमच्याकडे यायचं आहे. चाकरमानी पोरांनो, गावच्या घराला टाईल्स लावून देता तसं हेही एका कागदावर लिहून फोनच्या बाजूला लावून द्या.

संशयित म्हणून बोलावलं तर संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस येते, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस आणि अटक नंतरची गोष्ट, हे अर्नेश कुमार केसपासून म्हणजे २०१४ पासून ठणकावून सांगितलंय. ही नोटीस व्हॉट्सअपवर पाठवलेली चालत नाही, २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने तेही सांगून टाकलं. नोटीस हातात पडली तर जायचं, टाळायचं नाही, पण वकिलाशी बोलून जायचं. चौकशीच्या वेळी आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटायचा हक्क अटक झालेल्याला संहितेचं कलम ३८ देतं, पूर्ण वेळ नाही पण मधे मधे. आणि वाक्य एकच पुरतं, तेही आवाज न चढवता, साहेब मी सहकार्य करतो, पण घटनेबद्दल काय ते वकिलाशी बोलून लेखी देतो. मग "सहकार्य करत नाही" असं रिमांड रिपोर्टात, म्हणजे कोर्टाकडे कोठडी मागायच्या कागदात लिहितील, लिहू देत. कबुली दिली नाही म्हणजे सहकार्य केलं नाही असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मधे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलंय.

व्हॉट्सअप व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणणाऱ्यांपुढे तर एक शब्दही बोलायचा नाही, कायद्यात असली अटकच नाही, फोन कट करून १९३० ला कळवायचं. हे लुटारू नेमके त्याच भल्या लोकांना गाठतात ज्यांना लहानपणापासून शिकवलंय की साहेबाने विचारलं की सगळं सांगायचं.

आता कोणी म्हणेल हे सगळं वाचायला ठीक, ठाण्यात एक कानफटात बसली की कलम २०(३) कुठे जातं? खरंय. ज्याच्याकडे वकील आहे, ओळख आहे, गाडी आहे, त्याचं गप्प बसणं पोलिस ऐकून घेतात, आणि रायगडात वीटभट्टीवरचा कातकरी गप्प बसला तर त्याला माजलाय म्हणतात. हक्क दोघांचा एकच, किंमत वेगवेगळी. पण म्हणून त्या कातकऱ्याला "बोलून टाक" असा सल्ला द्यायचा हे मला पटत नाही. खोलीत एकट्या माणसाला हा हक्क वापरता येत नाही हे खरं असेल तर बाहेरच्यांनी खोलीच्या दारापर्यंत गेलं पाहिजे. अटक झाली की नातेवाईकाला कळवणं, अटकेची कारणं सांगणं, २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर नेणं हे सगळं बंधनकारक आहे, डी. के. बसूच्या निकालापासून याच्या पाट्याही लावायच्या आहेत, पोलिस स्टेशनात आवाजासकट सीसीटीव्ही हवेत असं २०२० मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. कोठडीतल्या माणसाला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे, हेल्पलाईन १५१००, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. बारसूच्या रिफायनरी आंदोलनाच्या वेळी, २०२३ ला, नोटिसा हातात पडल्यावर किती जणांनी हे कायदे पहिल्यांदा शोधले असतील! कायदा आधी कळायला हवा होता, ग्रामसभेत, तंटामुक्त समितीत, दहावीच्या पोरांना. आपल्याकडे तंटे मिटवायची समिती आहे, पण ठाण्यात काय बोलायचं नाही ते सांगणारं कोणी नाही.

आणि सगळेच गप्प बसले तर गुन्हे उघडकीस कसे येणार हा प्रश्न पोलिसांकडून नेहमी येतो. मला त्यांची अडचण कळते. माणसं कमी, गणपतीत पंधरा दिवस हायवेवर उभे, शिमग्याला पालखीच्या मानावरून पाच गावांत बंदोबस्त, आणि वर तपासही त्यांनीच करायचा. पण याला औषध कबुली नव्हे. नव्या संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं असं कलम १७६(३) मधे घातलंय, ते नुसतं कागदावर राहू नये, प्रत्येक जिल्ह्यात लॅब आणि गाड्या पोचाव्यात म्हणून आपण आमदाराच्या मागे लागावं. कबुलीवर उभी केलेली केस कोर्टात पडते, साक्षीदार फुटतो, खरा गुन्हेगार सुटतो आणि ज्याचा माणूस गेला त्याच्या घरच्यांना दहा वर्षांनी समजतं की तपासच झाला नव्हता. म्हणजे आरोपीने बोलावं यात फिर्यादीचाही काही फायदा नाही.

एक जागा मात्र अशी आहे जिथे गप्प बसायचं नाही, ती म्हणजे पहिल्या रिमांडला मॅजिस्ट्रेटसमोर. बरेच जण तिथेच खाली मान घालून उभे राहतात, मागे उभ्या असलेल्या हवालदाराची भीती असते. मारलं असेल, कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, घरी कळवलं नसेल, आधीच उचलून अटक नंतर दाखवली असेल, तर विचारायची वाट न बघता तिथेच सांगायचं, मेडिकल परत करा म्हणायचं, आणि हे कोर्टाच्या रोजनाम्यात लिहिलं गेलं की नाही ते वकिलाला त्याच दिवशी बघायला सांगायचं.